गालातलं कोयनेल

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांना मुलाबद्दल दोन गोष्टी सांगण्यात आल्या. एक, मुलगा रेल्वेत पगारी आहे. दोन, गाव गुंजी आहे आणि तिथं जंगलाची हवा आहे. हवेत काय आहे ते सोयऱ्यांनी सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. मी येळ्ळूरची. आमच्याकडं भात, भाजी, आणि बेळगावला जाणारा रस्ता. गुंजीत आल्यावर पहिल्या आठवड्यात मला कळलं, की चाळीतल्या अकरा घरांपैकी दहा घरांत कुणी ना कुणी पांघरूण घेऊन पडलेलं आहे. अकरावं घर आमचं होतं.

माझा नवरा ग्यांगमन होता. ग्यांगमन म्हणजे रुळांची देखभाल करणारा माणूस. खिळे ठोकायचे, खडी सारायची, पावसात दरड कोसळली तर उपसायची. बारा जणांची टोळी आणि वर एक मुकादम. मुकादमाच्या वर लाइनीचा गोरा साहेब, तो ठेसनाच्या मागच्या टेकाडावर बंगल्यात राहायचा. बंगल्याच्या सगळ्या दारा-खिडक्यांना बारीक तारेची जाळी होती. आत शिरायला एकापुढं एक अशी दोन दारं. डासानं पहिलं दार ओलांडलं तरी दुसऱ्याशी अडावं अशी सोय. ठेसनमास्तर आपल्याच लोकांतला. त्यानं जाळीसाठी अर्ज केला, तेव्हा कंपनीनं त्याच्या ऑफिसच्या खिडकीला जाळी बसवून दिली, कारण कंपनीची कागदपत्रं तिथं होती. घराला दिली नाही. डास ऑफिसच्या वेळेत येत नसत, पण तो मुद्दा अर्जात नव्हता. आमच्या चाळीला खिडक्याच नव्हत्या, त्यामुळं जाळीचा प्रश्न आला नाही.

भाद्रपद लागला आणि मला पहिला हिवताप आला. हा ताप एक दिवसाआड यायचा. त्याला वेळेची फार शिस्त. साडेदहाची गाडी उशिरा यायची, हा कधी उशिरा यायचा नाही. आधी पाठीच्या कण्यातून थंडी, मग दात वाजायचे, मग अंगावर तीन गोधड्या आणि वर सासूबाई बसलेल्या, कारण चौथी गोधडी नव्हती. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. आत्ती काडेचिराइताचा काढा द्यायची आणि माझ्या अंगावर बसून तांदूळ निवडायची. तासाभरानं घाम फुटायचा, ताप उतरायचा आणि मी उठून भाकऱ्या थापायची. त्या दिवशी भाकऱ्या उशिरा व्हायच्या. माझ्या आजाराची नोंद एवढीच.

पुरुषांचं तसं नव्हतं. ग्यांगमन आजारी पडला तर कंपनीच्या हजेरीत खाडा पडायचा, म्हणून त्याचा ताप हा ताप होता. त्यांच्यासाठी दर बुधवारी आणि शनिवारी लोंढ्याहून कंपाउंडर यायचा. ठेसनावर टेबल मांडायचा, हजेरीपट उघडायचा आणि एकेकाचं नाव पुकारायचा. माणसानं पुढं व्हायचं, हातावर हिवतापावरची कोयनेलची, म्हणजे क्विनाइनची, गोळी घ्यायची, तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं आणि आ करून जीभ दाखवायची. मग कंपाउंडर नावापुढं टिकली मारायचा. हजेरीपटावर बाईमाणसाचं नाव नव्हतं. त्यामुळं बाईमाणसाला गोळी नव्हती. कंपाउंडर वाईट माणूस नव्हता. त्याला बारा गोळ्या मोजून मिळायच्या आणि बारा टिकल्या मोजून द्याव्या लागायच्या.

एका शनिवारी नवरा दुपारी घरी आला आणि बोलेना. मी पाणी दिलं, घेईना. जेवायला वाढू का विचारलं, मान हलवली. माझ्या मनात आलं, काहीतरी चुकलं माझं. नव्या नवरीच्या मनात दुसरं काय येणार. त्यानं मला हात पुढं करायला खुणावलं आणि माझ्या तळहातावर एक गोळी थुंकली. कडा जरा विरघळलेल्या, बाकी शाबूत.

"गिळ," तो म्हणाला.

"आन तुमी?"

"मला कुठं ताप हाय?"

मग तो बाहेर गेला, तीन वेळा चूळ भरली आणि गुळाचा खडा तोंडात टाकून बराच वेळ उंबऱ्यावर बसला. कोयनेल इतकं कडू असतं, की मी पाण्याबरोबर गिळली तरी जीभ संध्याकाळपर्यंत लाकडासारखी झाली. त्यानं ती ठेसनापासून घरापर्यंत गालात धरून आणली होती. लग्नानंतर नवऱ्यानं मला आणून दिलेली ही पहिली वस्तू. पुढं दोन लुगडी आली, एक नथ आली, पण मला विचाराल तर मी हीच सांगीन.

हे त्याला सुचलं कसं, ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याला सुचलं नव्हतं. रुळांच्या पलीकडं, चाळीपासून सुटी अशी एक खोपी होती. तिथं टोळीतला बारावा माणूस राहायचा. त्याची जात चाळीला चालत नव्हती म्हणून तो पलीकडं. कंपाउंडर त्याच्या हातावर गोळी ठेवत नसे, हातभर वरून टाकायचा. पाण्याचा पेलाही त्याला देत नसे. तो ओढ्यावर जाऊन पाणी पिणार असं धरून टिकली मारायचा. त्यामुळं त्यानं गोळी गिळली का, हे कधीच कुणी पाहिलं नव्हतं. त्याची बायको आणि दोन पोरं दोन वर्षं त्या गोळीवर होती. विटाळाचा इतका उपयोग मी दुसरा कुठं पाहिला नाही.

माझ्या नवऱ्याला त्यानंच काम करता करता शिकवलं. "आण्णा, जिभंखाली ठिवलासा तर इरघळंल. खालच्या दाताच्या भायेर, गालात ठिवा. आन थुकी गिळू नगासा."

महिनाभरात सगळी टोळी शिकली. बुधवारी आणि शनिवारी दुपारी बारा पुरुष गालात गोळी धरून, एक शब्द न बोलता, रांगेनं घरी यायचे. मुकादमाला वाटायचं, टोळी शिस्तीची झाली.

चाळीतल्या बायका जरा उभ्या राहिल्या. पुरुष पडायला लागले. हे व्हायचंच होतं. गोळी एक आणि माणसं दोन. कार्तिकात टोळीतले पाच जण एका वेळी आडवे झाले आणि ट्रॉलीवर बसून गोरा डॉक्टर स्वतः आला. त्यानं हजेरीपट पाहिला. एकाही बुधवारची, एकाही शनिवारची टिकली चुकलेली नव्हती. त्यानं माणसांची पोटं दाबली, पाणथऱ्या, म्हणजे प्लीहा, वाढल्यात का ते पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, आणि बराच वेळ विचार केला. तोच डॉक्टर तीच गोळी साहेबाला देत होता आणि साहेब ठणठणीत होता. साहेबाच्या घराला जाळी होती आणि साहेब आपली गोळी स्वतः खात होता, पण यातली पहिली गोष्ट डॉक्टरच्या लक्षात आली नाही आणि दुसरीत काही वेगळं आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

कंपाउंडरनं नंतर मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी मुकादमाला आणि मुकादमानं सगळ्यांना, की डॉक्टरनं वर लिहून कळवलं आहे: काळ्या माणसाच्या रक्तात कोयनेल नीट मुरत नाही, गोऱ्यापेक्षा दुप्पट लागतं. तेव्हापासून प्रत्येकाला एकाऐवजी दोन गोळ्या मिळू लागल्या.

एक ते गिळत, एक घरी आणत. माघापर्यंत टोळीत खाडा जवळजवळ राहिला नाही. डॉक्टर पुन्हा आला, पट पाहिला आणि खूश झाला. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. कंपाउंडरला त्यानं शाबासकी दिली. आम्ही चाळीच्या दारांत उभ्या राहून पाहत होतो. अकरा बायका. आमच्याकडं पाहून त्यानं टोपीला हात लावला. तेवढा तो सभ्य होता.

आमच्या शेजारच्या खोलीत माझ्याच वयाची एक बाई होती. मला आक्का म्हणायची, मी तिच्याहून दोन-तीन महिन्यांनीच मोठी असेन. पाठीवर हात टाकून बोलायची सवय, हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची. माघाच्या सुमाराला तिला दिवस राहिले, आणि दुसऱ्या पावसाळ्यात, सहावा महिना लागता लागता, हिवतापानं धरलं. तिचा नवरा तिच्यासाठी गोळी आणायचा. तिची सासू ती चुलीत टाकायची. कोयनेलनं पोट पडतं असं सासूचं म्हणणं होतं. खरं का खोटं, हे विचारायचं कुणाला? कंपाउंडरला विचारलं तर तो म्हणणार, बाईला गोळी मिळालीच कुठून. डॉक्टर महिन्यानं एकदा यायचा आणि तो हजेरीपटाशी बोलायचा.

मी बंगल्यावर दूध घालायला जात असे. म्हशी आमच्या नव्हत्या, मुकादमाच्या. नेऊन देण्याचं काम माझ्याकडं होतं. साहेबाची मडम मला पाहून मान हलवायची आणि दुधाचं भांडं आत न्यायची, आमचं बोलणं एवढंच. त्या दिवशी मी भांडं सोडलं नाही. तिला थोडं हिंदुस्थानी येत होतं, मला थोडं येत होतं, आणि ते थोडं वेगवेगळं होतं. मी पोटावर हात फिरवून दाखवला, थंडी वाजल्याचं दाखवलं, आणि म्हटलं, "कोयनेल?"

तिला वाटलं, मी माझंच सांगतेय. मी नाही म्हटलं, शेजारीण. तिनं जाळीच्या आतून एक बाबागाडी दाखवली. तीत तिचं पोर झोपलेलं होतं. "हम लिया," ती म्हणाली. "पूरा नौ महिना. डॉक्टर बोला, लेना. नहीं लेना, तो बुखार से बच्चा मरता."

मी जवळजवळ पळतच चाळीत आले. शेजारणीच्या सासूला सगळं सांगितलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"गोरीचं प्वाट येगळं," ती म्हणाली, "आपलं येगळं."

म्हणजे डॉक्टरचं आणि तिचं एकमत होतं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

शेजारीण माझ्याकडं पाहत होती. मी तिला म्हटलं, मी माझी गोळी तुला देते, सासूला कळू देऊ नको. ती म्हणाली, "आक्का, मला भ्या वाटतंय गं." मी जास्त रेटलं नाही. रेटायला पाहिजे होतं का, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. त्या वेळी मी सतरा वर्षांची होते आणि माझ्याकडं पुरावा म्हणून एक बाबागाडी होती.

आठव्या महिन्यात तिला लागोपाठ चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. गावातली सुईण आली. मी पाय धरून बसले होते. मूल दुपारी झालं. मुलगा होता. सगळी बोटं, नखं, पापण्या, सगळं जागच्या जागी. रडला नाही. सुईणीनं त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, पाणी शिंपडलं, मग लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं. शेजारीण वाचली. तिला मूल दाखवायचं नाही असं ठरलं, पण तिनं हात पुढं केला आणि मी दिलं. तिनं त्याचं तोंड नीट पाहिलं आणि परत दिलं. तिचं ते हसणं मात्र मी पुढची दोन वर्षं ऐकलं नाही.

त्या बुधवारी तिची सासू ठेसनावर गेली आणि कंपाउंडरच्या टेबलासमोर उभी राहिली. "तुमच्या गोळीनं आमचं लेकरू गेलं," ती ओरडली.

पोरीनं गोळी खाल्लीच नव्हती. म्हातारीनं स्वतःच्या हातानं सगळ्या चुलीत घातल्या होत्या. पण दुःखात माणसाला कुणीतरी लागतं, आणि समोर कंपाउंडर होता.

कंपाउंडरनं टिकली मारायची थांबवली. "आमची गोळी?" तो म्हणाला. "ती तुमच्या सुनेकडं कशी आली?"

पुढचं सरळ झालं. डॉक्टर आला, बाराही जणांना उभं केलं आणि दुभाष्या म्हणून मास्तरांना बोलावलं. पुरुषांनी कबूल केलं. माझा नवरा म्हणाला, "बायका बी मरत्यात, सायेब." मास्तरांनी त्याचं भाषांतर केलं की नाही ते कळलं नाही. डॉक्टर लालबुंद झाला होता. आम्हाला वाटलं, गोळ्या बायकांनी खाल्ल्या म्हणून. नंतर कंपाउंडर म्हणाला, तसं नव्हे. रक्तात न मुरण्याचा तो कागद वर जाऊन पसंत झाला होता, दुसऱ्या ठेसनांवरही दोन गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि पाठवलेला कागद परत मागवायची पद्धत नव्हती. तेव्हा कागद तसाच राहिला. गुंजीला मात्र पुन्हा एक गोळी झाली, आणि कंपाउंडरला हुकूम मिळाला, की प्रत्येकाच्या गालात बोट फिरवून पाहायचं.

कंपाउंडरनं अकरा जणांच्या गालात बोट फिरवलं. प्रत्येकानंतर हात धुतला. बाराव्याशी आला आणि थांबला. हुकूम सगळ्यांसाठी होता. पण याला शिवायचं नाही, हा हुकूम त्याच्याकडं त्याहून जुना होता. त्यानं बाराव्याला लांबूनच आ करायला सांगितलं, त्याच्या डोक्यावरून पलीकडं पाहिलं, आणि टिकली मारली.

म्हणून त्या पावसाळ्यात गुंजीच्या बायकांत कोयनेल मिळणारी एकच बाई उरली, रुळांपलीकडची.

मला पुन्हा ताप सुरू झाला. यावेळी तिन्ही गोधड्या आणि आत्ती मिळूनही थंडी आवरेना. पाणथरी वाढून डाव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं वाटायचं. एका शनिवारी दुपारी आमच्या मागच्या कुंपणाशी कुणीतरी खाकरलं. रुळांपलीकडची ती बाई उभी होती. तिनं पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी कुंपणाच्या दगडावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली.

"अर्धी हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरास्नी ह्या पंधरवड्यात ताप न्हाय."

आत्ती माझ्या शेजारीच उभी होती. ती गोळी कुणाच्या गालातून आली आहे, हे आत्तीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्या बाईला ठाऊक होतं. तरी ती आली होती. आमच्या चाळीतल्या कुणी तिला कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता, मीसुद्धा नाही. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा थंडी जास्त वाजत होती, हे खोटं कशाला सांगू. मी पान उचललं आणि गोळी गिळली.

"हात धू," आत्ती म्हणाली. नंतर, ती बाई जायला वळली तेव्हा, आत्ती हळूच म्हणाली, "तिला इचार, ताक नेशील का म्हणून."

तिनं ताक नेलं. त्यानंतर पाच शनिवार अर्धी गोळी आली आणि ताक गेलं.

ताप हटला तसं मी पुन्हा दूध घालायला जाऊ लागले. मडमनं माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, गोळी घेतेस का. मी सांगितलं, मिळत नाही. ती गोंधळली. "पोस्ट ऑफिस में मिलता," ती म्हणाली. "सब को. सरकार बेचता, छोटा पुडी. तुमको मालूम नहीं?"

मला मालूम नव्हतं. नवऱ्याला नव्हतं, चाळीत कुणालाच नव्हतं. दोन पावसाळे बारा पुरुषांनी गाल जाळून घेतले होते आणि हे सगळं खानापूरच्या पोष्टात विकायला ठेवलेलं होतं. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, हो, तशी पाटी आहे खरी. आम्हाला का नाही सांगितलं? "तुम्ही कंपनीची माणसं," ते म्हणाले, "तुम्हाला कंपनी देते ना." बायका कंपनीच्या नाहीत आणि सरकारच्याही नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते स्वतःच्या बायकोला काय देत, ते मी विचारलं नाही. ती बिचारी हळदीसारखी पिवळी होती.

मी खानापूरला गाडीनं एकटी गेले. नवरा येतो म्हणाला होता, पण त्याला रजा नव्हती. पोष्टाच्या ओसरीवर भिंतीला पाटी होती, इंग्रजीत, कानडीत आणि मराठीत. मी येळ्ळुरात मराठी तिसरीपर्यंत शिकले होते. ओसरी पुरुषांनी भरलेली होती, म्हणून पाटी वाचायला मला बराच वेळ उभं राहावं लागलं. मग मी खिडकीशी गेले.

"काय पाहिजे?" पोष्टमास्तर म्हणाले.

"कोयनेलच्या पुड्या. बारा."

"आजारी कोण? नवरा?"

"नवरा बरा आहे."

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी. आणि अकरा बायका आहेत."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नवऱ्याला पाठव," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पाटीवर तसं लिहिलेलं नाही. मी वाचली."

मागं उभा असलेला एक कानडी शेतकरी हसला. पोष्टमास्तरांना हसू आलं नाही, पण त्यांनी पुड्या दिल्या. पुढं दर पंधरा दिवसांनी मी जात राहिले आणि ते दर वेळी विचारत राहिले, नवरा बरा आहे का. मी सांगायची, बरा आहे.

बारा पुड्यांपैकी एक रुळांपलीकडं. ती मी दगडावर ठेवली नाही, तिच्या हातात दिली. आत्ती त्या वेळी घरात होती आणि बाहेर आली नाही. शेजारणीनं दोन पावसाळ्यांनी पुन्हा दिवस राहिल्यावर माझ्यासमोर बसून गोळ्या घेतल्या, सासूदेखत. तिची मुलगी झाली. आवाज असा, की ठेसनावर मास्तरांनी विचारलं, कुठली गाडी आली.

लढाईच्या दिवसांत पोष्टातलं कोयनेलही संपलं. सगळं सोल्जरांना जातं म्हणे. ती दोन वर्षं वाईट गेली आणि रुळांपलीकडच्या बाईचं थोरलं पोर त्यात गेलं. तिच्या खोपीत मी पहिल्यांदा गेले ती त्या दिवशी. बसले. तिनं पाणी विचारलं, मी घेतलं.

लढाई संपल्यावर नवऱ्याची बदली बेळगावकडं झाली. तोवर माझी पाणथरी इतकी वाढली होती, की लुगडं नेसताना गाठ डावीकडं बसेना. इस्पितळात पुरुष डॉक्टर होता, आपला, कोट घातलेला. त्यानं लुगड्यावरूनच पोट चाचपलं, मग हात पुसून माझ्या नवऱ्याकडं वळला.

"किती दिवसांपासून आहे?" त्यानं विचारलं.

नवरा हातात टोपी घेऊन उभा होता. "तिलाच इचारा," तो म्हणाला. "तिला सगळं ठावं हाय."

डॉक्टर खुर्ची सरकवून माझ्याकडं वळला. मी सांगायला सुरुवात केली. बराच वेळ लागला.